सहा फुटांत वळायची जागा

त्या जागेत मी आतापर्यंत बारा स्वयंपाकघरं काढली आहेत. सगळी आलेखाच्या कागदावर, एक चौकोन म्हणजे सहा इंच या मापानं. जागा एकच. सहा फूट रुंद, नऊ फूट लांब, एका आखूड भिंतीत दार आणि समोरच्या आखूड भिंतीत खिडकी. खिडकीखालून पाण्याचे दोन पाइप बाहेर आले आहेत आणि त्यांच्या तोंडांना बिल्डरच्या माणसांनी लाल बुचं बसवली आहेत. बाकी काही नाही. सिमेंटचा वास आणि दुपारी खिडकीतून येणारा उन्हाचा एक तिरपा पट्टा.

इंदूरच्या राजेंद्र नगरमधला हा फ्लॅट ताईनं आणि मी मिळून घेतला. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती पलासियाच्या एका बँकेतून निवृत्त झाली होती. मी तिथून दोन चौक पुढे, एका कॉलेजच्या ग्रंथालयात अजून काम करते. आम्ही दोघींनी लग्न केलं नाही. तसं काही ठरवलेलं नव्हतं, होत होत राहून गेलं. बत्तीस वर्षं आम्ही एका भाड्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिलो, आणि आता म्हातारपणी लिफ्ट असलेलं स्वतःचं घर हवं असं ताईनं मनावर घेतलं. किल्ल्या मिळाल्या तेव्हा तिला जाऊन तीन महिने झाले होते. बिल्डरच्या ऑफिसातल्या बाईंनी पेढ्यांचा डबा पुढे केला आणि दोन जुडगे माझ्या हातात ठेवले. "एक आपका, एक बडी दीदी का." मी दोन्ही घेतले, पेढाही घेतला.

त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं. वरचा मजला त्यांना हवा होता. माणसं भली, तुळशीच्या लग्नापर्यंत राहा म्हणाली. म्हणजे तोवर एक तर नव्या घरात स्वयंपाकघर उभं राहायला हवं होतं, नाही तर मी पुण्याला जायला हवं होतं. पुण्याला माझी भाची असते, भावाची मुलगी. भाऊ नाही आता. ती मला छोटी आत्या म्हणते आणि ताईला मोठी आत्या म्हणायची.

"छोटी आत्या, तू सरळ इकडे ये," ती फोनवर म्हणाली. "फ्लॅट भाड्यानं देऊ. तू एकटी तिथे काय करणार?"

"राहणार."

"आणि खाणार काय? आयुष्यात एकदा तरी फोडणी दिली आहेस का? खरं सांग."

खरं सांगायचं तर नव्हती दिली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं हे कबूल करणं सोपं नाही, म्हणून मी म्हटलं की कुकर लावलाय, नंतर बोलू. कुकर वगैरे काही नव्हता. ताई गेल्यापासून मी डबा लावला होता.

तिच्या प्रश्नात मात्र सगळं आलं होतं. मला एकटीनं राहता येईल की नाही, हे त्या सहा बाय नऊच्या खोलीत ठरणार होतं.

म्हणून मी कागद घेऊन बसायची. ग्रंथालयात दुपारी दोन ते चार फारसं कुणी येत नाही. पंख्यानं कागद फडफडतो, त्यावर मी पंचिंग मशीन ठेवते आणि ओटा एका भिंतीवरून उचलून दुसऱ्या भिंतीला लावते. घराच्या मांडणीवरची दोन पुस्तकं आमच्याच कपाटात निघाली. किती वर्षांत ती कुणी नेली नव्हती. आतल्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. त्यांत लिहिलं होतं की शेगडी, सिंक आणि फ्रिज ही त्रिकोणाची तीन टोकं असतात आणि बाई दिवसभर त्या त्रिकोणात चालत असते. लांब, अरुंद खोली असेल तर एकाच भिंतीला सगळं ओळीनं मांडावं. चौरस असेल तर इंग्रजी 'यू'सारखा ओटा तिन्ही भिंतींना फिरवावा. मधली असेल तर 'एल', दोन भिंतींना काटकोनात. आणि माणसं दोन असतील तर समोरासमोर दोन समांतर ओटे. वाचता वाचता डोळा लागायचा. मग डुलकीतही मी ओटेच सरकवत असायची. तिथे ते हलके असायचे, तळ्यात सोडलेल्या पाटासारखे, आणि बोटानं ढकलले तरी निघून जायचे.

अकरावा कागद मला पसंत पडला. दोन समांतर ओटे, प्रत्येकी बावीस इंच खोल, आणि मधे अठ्ठावीस इंच. हे अठ्ठावीस मी जुन्या घरात शिंप्याच्या टेपनं मोजून आणले होते.

जुन्या घराचं स्वयंपाकघर म्हणजे एक बोळच होती. एका भिंतीला ओटा, त्यावर शेगडी. समोरच्या भिंतीला दगडी कट्टा, त्यातच सिंक. ताई शेगडीपाशी, मी सिंकपाशी, दोघींची पाठ एकमेकींकडे. हे पहिल्या आठवड्यात कसं ठरलं ते आता आठवत नाही. बहुधा कट्टा जरा बुटका होता आणि मी तिच्याहून बुटकी. त्यानंतर ते बदललं नाही. धुणं, निवडणं, चिरणं, कणीक मळणं माझ्याकडे. फोडणी, भाजणं, ढवळणं, चव बघणं तिच्याकडे. वळायचं नाही हा नियम होता. सुरुवातीला एकदा मी वळले, माझं कोपर तिला लागलं आणि तापलेलं तूप तिच्या मनगटावर सांडलं. त्याचा डाग शेवटपर्यंत होता. तेव्हापासून वस्तू हात मागे करून द्यायची.

"कांदा."

मी ताटली पाठीमागे धरायची, तिचा हात ती घ्यायचा. बघावं लागत नसे. तिला किती बारीक हवा ते मला माहीत आणि मी ताटली किती उंचीवर धरणार ते तिला. कधी माझ्या खांद्यावरून चमचा पुढे यायचा. "मीठ बघ." मी बघायची. पावसाळ्यात कोवळी मक्याची कणसं आली की मी किसत बसायची आणि ती तुपात कीस परतायची. त्यात दूध घालून सारखं ढवळत राहावं लागतं, शेगडीपाशी असलेल्या माणसाला हलता येत नाही. अशा दिवशी तास-दीड तास आम्ही पाठीला पाठ लावून उभ्या असायचो आणि बोलत असायचो. आमची महत्त्वाची सगळी बोलणी तिथे झाली. तिला बघायला आलेल्या एका मुलाला तिनं नकार दिला, ते मला भेंडी परतता परतता कळलं.

"त्याच्या आईनं माझा पगार दोनदा विचारला."

"आणि तो?"

"तो पोहे खात होता. एका शब्दानं बोलला नाही."

"मग पोहे चांगले झाले असतील."

"चांगलेच झाले होते. तेवढंच एक वाईट वाटतंय, वाया गेले."

मागच्या वर्षी एकदा तिचा आवाज तसाच आला, रोजच्यासारखा. "रिपोर्ट आला. चांगला नाहीये. कोथिंबीर दे." मी कोथिंबीर दिली. तिचा चेहरा त्या वेळी कसा होता, हे मला माहीत नाही. नियम मोडून वळायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा सुचलं नाही. मी नळ सोडला आणि आणखी एक जुडी धुवायला घेतली.

तर तो अकरावा कागद. मी तो वहीत घातला आणि एका शनिवारी दुपारी मिस्त्रीला फ्लॅटवर बोलावलं. हा मिस्त्री ओटाही बांधतो आणि लाकडी कपाटंही करतो. साठीचा, मराठीच, पण अस्सल इंदुरी. कानाला पेन्सिल, कमरेला टेप. खाली लिफ्टपाशी कुणाशी तरी त्याचं फोनवर चाललेलं वरपर्यंत ऐकू येत होतं: "अरे भिया, सोमवारी म्हणजे सोमवारी. मी काय नेता आहे का?"

वर आल्यावर त्यानं आधी सगळ्या भिंतींवर बोटांनी टकटक केली, मग खिडकी उघडून बघितली, मग माझा कागद.

"वा, ताईजी. नक्शा तर एकदम इंजिनियरसारखा काढला. पण हे अठ्ठावीस इंच काय आहे?"

"मधली जागा."

"मधली जागा म्हणजे माणसाची?"

"हो."

तो कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला. "आमचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात तबेले बांधायचे. घरात अजून सांगतात लोक, की तबेल्यात सुद्धा घोड्याला वळायला जागा सोडायची, नाही तर तो लाथ मारतो. आणि तुम्ही तर एवढी पण नाही सोडली."

"चालतं. आम्हाला सवय आहे."

"हां, फोनवर तुम्ही बोलल्या होत्या ना, आम्ही दोघी आहोत. मग ठीक आहे. एक इकडे, एक तिकडे. मोठ्या ताईजी कधी येणार? त्यांना पण विचारून घेऊ, ओट्याची उंची किती पाहिजे. मागून मग तोडफोड नको."

मी फोनवर दोघी म्हटलं होतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. घरात किती माणसं, असं कुणी विचारलं की गेली बत्तीस वर्षं मी तेच उत्तर देत आले आहे, तसंच ते निघून गेलं असणार. आता या माणसाला सांगावं की नाही, मला समजेना. मी म्हटलं, "उंची मी सांगते."

"मग असं करा," तो म्हणाला, "कागदावर काही समजत नाही. एक मिनिट."

शेजारच्या फ्लॅटचं काम त्याच्याचकडे होतं. तिथून त्यानं प्लायचे दोन लांब तुकडे आणले, ते विटांच्या थप्प्यांवर आडवे ठेवले, टेप लावून मधे बरोबर अठ्ठावीस इंच सोडले. एका बाजूच्या प्लायवर खडूनं दोन गोल काढले, ती शेगडी. दुसऱ्या बाजूला चौकोन, ते सिंक. काही क्षणांत त्या उन्हाच्या पट्ट्यात माझं अकरावं स्वयंपाकघर उभं होतं, गुडघ्यांहून थोडं उंच, बुटक्या माणसांसाठी केल्यासारखं.

"चला, चहा करा," तो दारात उभा राहून म्हणाला.

मी आत गेले. सिंकच्या चौकोनासमोर उभी राहिले. न विचारताच पाय तिकडे गेले. वाकून खोटा नळ सोडला, खोट्या पातेल्यात दोन कप पाणी घेतलं. मागे पाठीला मोकळी हवा लागत होती. मी पातेलं हातात धरलं आणि हात मागे केला.

तो हात बराच वेळ तसाच राहिला असावा. मला वाटतं मी कशाची तरी वाट बघत होते आणि ती वाट बघणं इतकं सवयीचं होतं की त्यात काही चुकतंय हे कळायला वेळ लागला. दुपारची शांतता होती. खाली कुठे तरी फरशी कापायचं मशीन चालू होतं, ते थांबलं.

"ताईजी," मिस्त्री म्हणाला, "तुम्ही कोणाला देऊन राहिल्या?"

मी वळले. पूर्ण वळावं लागलं आणि माझी मांडी शेगडीच्या प्लायला लागून ती विटांसकट कोसळली.

"बहिणीला," मी म्हटलं. "ती नाहीये आता. फाल्गुनात गेली. फोनवर चुकून तसं म्हटलं गेलं."

त्यानं प्लाय उचलली, तिची धूळ तळहातानं पुसली, भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "तुम्ही घरी जाऊन आरामात विचार करा. घाई नाही. एका माणसाचा किचन वेगळा असतो. त्याला सगळं स्वतःच घ्यायचं असतं, स्वतःच द्यायचं असतं."

घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की अकराही कागदांवर मी तेच केलं होतं. ओळीत मांडलेल्या ओट्यावरही मधोमध दोघींची जागा ठेवली होती, 'एल'मध्येही दोन टोकांना दोघी. बाईच्या उभं राहण्याच्या जागी पुस्तकातल्यासारखा एक छोटा गोल काढायचा असतो. माझ्या प्रत्येक कागदावर दोन गोल होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. डबा येत नाही. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले आणि पहिल्यांदाच ताईच्या बाजूला उभी राहिले. इतके महिने मी चहासुद्धा माझ्या कट्ट्यावर विजेच्या किटलीत करत होते. शेगडीकडे तोंड केलं की ती बोळ निराळीच दिसली. उजेड पाठीमागून येत होता. समोर तेलकट झालेली भिंत, तिच्यावर एक फळी, फळीवर मसाल्याचे डबे आणि मधोमध शेवेचा उंच स्टीलचा डबा. तो ताई रोज पुसायची. बाकीच्या डब्यांवर धूळ असली तरी चालेल, तो मात्र लखलखीत. मी तिला हसायची की शेव संपते तरी डब्याची पूजा संपत नाही.

डब्यात माझा चेहरा दिसत होता, लांबट, वाकडा. आणि माझ्या खांद्याशेजारून मागचा कट्टा, सिंक, नळ, खिडकी. तिथे उभं असलेलं माणूस त्यात पूर्ण दिसलं असतं.

मी किती तरी वेळ बघत राहिले. मान थोडी हलवली की मागचा नळ लांब व्हायचा, मग आखूड. कांदा चिरताना मी रडतेय की कांद्यामुळे पाणी येतंय हे ताई न वळता ओळखायची. "डोळे पूस आधी, नाही तर बोट कापशील," म्हणायची. मला वाटायचं तिला माझ्या नाकाच्या आवाजावरून कळतं. ती मला बघत होती. बत्तीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ. कोथिंबीर मागितली त्या दिवशीही तिनं बघितलं असणार, की मी आणखी एक जुडी धुवायला घेतली. मला तिचा चेहरा दिसला नाही, पण तिला मी दिसले, पाठमोरी का होईना. हे बरं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या सकाळी मात्र ते खूप बरं वाटलं.

मग मी पोहे केले. पोहे भिजवून, कांदा चिरून माझ्या बाजूला ठेवला होता. तो घ्यायला वळले, हळूच, कोपर अंगाशी धरून. तेल किती तापू द्यायचं ते कुणी सांगायला नव्हतं. मोहरी टाकली तर ती तडतडायच्या ऐवजी एकदम काळी झाली आणि धूर आला. हिंग जास्त पडला. कांदा घालायला धावले तर हळद राहिली. पोह्यांना शेवटी जो रंग आला त्याला मराठीत नाव नाही. मी वर भरपूर शेव आणि जीरावन मसाला घातला, खिडकीत उभं राहून सगळे खाल्ले.

तेवढ्यात भाचीचा फोन.

"काय करतेयस?"

"खातेय. पोहे."

"कोपऱ्यावरचे?"

"घरचे. मोहरी करपली."

"करपली म्हणजे... तूच केलेस?"

"मग अजून कोण करपवणार?"

ती जोरात हसली. मलाही हसू आलं, तोंडातले पोहे सांभाळत. मग ती म्हणाली, "अगं, पण रोज कशी करशील? मला काळजी वाटते. किचन करूच नकोस ना, नुसता एक छोटा ओटा, त्यावर इंडक्शन, डबा आला की गरम केला, झालं. म्हणजे मग उद्या निघायचं ठरलं तरी काही अडकायला नको."

तिचं बोलणं मायेचं होतं. पण उद्या निघायचं ठरलं तरी, हे ऐकल्यावर मला ती नुसता ओटा असलेली खोली दिसली. स्टेशनावरच्या वेटिंग रूमसारखी, पायाशी बॅग. मी म्हटलं, "नाही गं. मी पूर्ण करणार आहे स्वयंपाकघर. शेगडी लावणार, पाइपचा गॅस घेणार. इथेच राहणार आहे मी."

"नक्की?"

"करपलेलं खायची तयारी ठेवून दिवाळीला ये."

"मी येताना डबा घेऊन येईन," ती म्हणाली, "पण येईन."

बारावा कागद मी त्याच दुपारी काढला. वेळ लागला नाही. आधी गोल काढला, एकच, आणि मग त्याच्याभोवती सगळं. खिडकीखाली, पाइप आहेत तिथे सिंक. डाव्या भिंतीला शेगडी, दोन्ही काटकोनात, म्हणजे सिंकपासून शेगडीपर्यंत फक्त पाव वळण. पूर्ण वळावं लागणार नाही आणि ओळीतल्या ओट्यासारखं इकडून तिकडे चालावंही लागणार नाही. शेगडीच्या पुढे, दाराकडे, फ्रिज. सिंकखाली ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे, कारण सकाळची गाडी थांबत नाही. नळाला नर्मदेचं पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी भरून ठेवायला खाली मोठा कप्पा. उजवी भिंत पूर्ण मोकळी. त्या मोकळ्या बाजूला काय, याचा मी मुद्दाम विचार केला नाही. पेन्सिल तिकडे गेली होती, दुसरा गोल काढायला, ती मी परत आणली.

मिस्त्रीला कागद दाखवला तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "हे झालं, ताईजी. एल टाइप. आणि शेगडी खिडकीखाली नाही ठेवली हे पण छान केलं, नाही तर वाऱ्यानं ज्योत पळत राहते. तोंड पण पूर्वेला आलं. वास्तूवाले खूश, मी खूश."

"वळायला जागा?"

"अख्खा घोडा वळेल."

मग तो कामाला लागला. ओळंबा सोडून त्यानं भिंतीवर ओट्याच्या कडेची उभी रेघ मारली. उंची विचारली. मी उभी राहून कोपर वाकवून दाखवलं. तो म्हणाला, कोपराच्या चार बोटं खाली घेऊ, कणीक मळायला सोपं जातं. या मजल्यावर संध्याकाळी वाऱ्याचा आवाज येतो हे मला त्या दिवशी कळलं. खिडकीतून दूरवर कुणाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या, फुगायच्या आणि खाली बसायच्या. मिस्त्री रेघा मारत होता आणि मी दारात उभं राहून बघत होते. भिंतीवर ते घर हळूहळू उमटत होतं. अजून काहीच नव्हतं, फक्त पेन्सिलीच्या रेघा, तरी मला आत पाय ठेवायला संकोच वाटत होता, झोपलेल्या माणसाच्या खोलीत जाताना वाटतो तसा.

"आता पिण्याच्या पाण्याचा फिल्टर," तो म्हणाला. "खिडकीच्या उजवीकडे लावू की डावीकडे? पाइप दोन्हीकडे जाईल. तुम्ही सांगा."

मला सांगता येईना. कुठला हात आधी पुढे जातो, हे माणसाला माहीत असायला हवं. पण पाणी मला नेहमी कुणी तरी दिलेलं होतं. मी चिरत असताना पेला माझ्या उजव्या कोपराशी येऊन बसायचा आणि मी तो पिऊन टाकायची. तो कुठून भरला, कुणी भरला, हे विचारायची वेळ आली नव्हती.

"तुम्हीच ठरवा," मी म्हटलं.

"नाही. रोज मी पाणी प्यायला येणार नाही ना इथे." तो बाजूला झाला. "या. इथे कोपऱ्यात उभ्या राहा. डोळे बंद करा. समजा, तहान लागली."

मी त्या पाव वळणाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. डोळे मिटले. खरोखरच तहान लागली होती, सकाळपासून काही प्यायले नव्हते. वाऱ्यानं खिडकीची फळी हलली. हात आधी जरा घुटमळला. मग खांद्यापासून उचलला गेला आणि डावीकडे, थोडा वर, जाऊन भिंतीला टेकला. सिमेंट गार होतं.

"असाच ठेवा," मिस्त्री जवळून म्हणाला. पेन्सिल भिंतीवर घासल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर माझ्या बोटांच्या टोकाशी त्यानं फुली मारली होती आणि खाली टेप लावून तो आकडा वाचत होता.

"चार फूट दोन इंच. लिहून घ्या, ताईजी."

मी लिहून घेतलं.